भरल्या घरातला रिकामा अ‍ॅरे

आमच्या घरात 'संपलं' हा शब्द चालत नसे. हळद संपली की आई म्हणायची, "हळद वाढलीय, येताना घिऊन या," आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यातलं बरोबर कळायचं. पिठाचा डबा तळाला गेला तरी मूठभर पीठ आत राखूनच नवं दळण त्यावर ओतायचं. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही; अगदीच काही नसलं तर चार भुईमुगाच्या शेंगा तरी त्यात पडायच्या. गोठ्यातली एखादी गाय आटली तर ती 'थांबलीय' म्हणायचं, जणू काही बिचारी एसटीची वाट बघत उभी आहे. रिकाम्या गोष्टीचं नाव काढलं की ती घरात येऊन बसते, अशी आईची पक्की समजूत होती, आणि ती येऊ नये म्हणून आम्ही सगळे तोंड सांभाळून बोलायचो. लहानपणी मला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं. पुढं कॉलेजात मी संगणकाची भाषा शिकायला लागले, तर तिला हे वळण कुणी लावलेलंच नव्हतं.

वडगाव निंबाळकरच्या शिवारात आमचं घर, चारी बाजूंनी ऊस. ऊस वाढला की घरातून दुसरं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. पहाटे दुधाच्या कॅनांची आदळआपट, मग चारा कापायचं कडबाकुट्टीचं मशीन, मग आप्पा गायींशी जे काही बोलायचे ते. आमच्याशी ते इतकं कधी बोलले नाहीत. हंगामात रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर भलामोठा स्पीकर, आणि एका गाण्याचा शेवट नि दुसऱ्याची सुरुवात आमच्या ओसरीवर एकत्र नांदायची. या सगळ्यात मी लॅपटॉप घेऊन धान्याच्या कोठीला पाठ लावून बसायची, कारण मोबाईलची रेंज तेवढ्याच जागी यायची. आई येता-जाता बघायची. "दिसभर बसून आसती आन् म्हन्ती काम करतीय," असं ती शेजारणीला सांगायची, तक्रार म्हणून कमी आणि कौतुक म्हणून जास्त. बसून पगार मिळणं ही तिच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. मला अजून पगार नव्हता, पण बसायचा सराव उत्तम चालला होता.

बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला दोघादोघांना मिळून एक प्रोजेक्ट करावा लागे. माझी जोडीदारीण पूनम. ती इंदापूर तालुक्यातली, नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन निम्मं वर्ष रानोमाळ हिंडायचे. वडिलांनी, त्यांना सगळे दादा म्हणत, मेंढरं मोडून गायी घेतल्या आणि डाळिंब लावलं. पूनम बारामतीत खोली घेऊन राहायची. बोलायला गोड, हसायला तयार, आणि कुणाला दुखवायचं म्हटलं तर तिलाच ताप येईल अशी. बाकीच्या जोड्यांनी दुकानाचं बिलिंग, दवाखान्याच्या वेळा असले नेहमीचे विषय घेतले. आम्हाला मात्र प्रोजेक्टच्या मॅडमनी भलताच विषय दिला. जावास्क्रिप्ट नावाची जी भाषा आम्ही शिकत होतो, तिच्यात रोज लागणारी बारीकसारीक कामं असतात: यादीतून हवं ते निवडणं, यादीचे सारखे तुकडे पाडणं, सारख्या गोष्टी एका गटात घालणं, सरासरी काढणं. अशा प्रत्येक कामाचं एक फंक्शन लिहायचं, म्हणजे एकदाच सांगून ठेवलेली रीत, आणि ही सगळी फंक्शनं एका ठिकाणी ठेवून त्यांची छोटीशी लायब्ररी करायची. "मॅडम, हे सगळं आयतं मिळतं की," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "मिळतं. उत्तम मिळतं. तुमची लायब्ररी जगात कुणीही वापरणार नाही. तुम्ही ती लिहायची ती शिकायला."

आता यंत्राला नुसतं सांगितलं की ते असली ढीगभर फंक्शनं बसल्या जागी लिहून देतं, वर आणखी काही मदत करू का म्हणून विचारतं. तेव्हाही ते लिहायला लागलंच होतं, आणि वर्गातल्या निम्म्या जोड्यांचे प्रोजेक्ट त्यानंच केले, हे आता सांगायला हरकत नाही. आयतं मिळत असताना घरी का करायचं, हा प्रश्न आमच्या घरात मात्र कुणाला पडला नाही. दुकानात शेवया मिळतात म्हणून आईनं त्या घरी करायचं कधी सोडलं नव्हतं. तिला मी समजावून सांगितलं: तुझा मिसळणाचा डबा असतो ना, हळद, तिखट, मोहरी, जिरं, सगळं लहान लहान वाट्यांतून एकत्र, हात घातला की हवं ते सापडतं, तसंच हे. आई म्हणाली, "मंग आसं सांग की. त्यात काय एवढं शिकायचं?" पूनमला हे इतकं आवडलं की लायब्ररीचं नावच आम्ही 'मिसळण' ठेवलं. फंक्शनांची नावंही घरचीच, निवड, तुकडे, गट, सरासरी अशी, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिलेली.

काम करायचं एक ऐतवार माझ्याकडं, एक ऐतवार तिच्याकडं. ज्या घरी बसायचं त्या घरच्या पोरीनं फंक्शन लिहायचं आणि पाहुणीनं ते तपासायचं, असं ठरलं. ठरवायला हे सोपं होतं. पण आमच्याकडं पाहुणीची एक रीत असते: पानात पडेल ते खायचं आणि छान झालंय म्हणायचं. आमटी अळणी असो की भाकरी करपलेली, नाव ठेवायचं नाही. पूनम आमच्याकडं येऊन आईच्या हातची मटकीची आमटी खायची, "काकू, छान झालीय," म्हणायची, आणि हात धुऊन माझं फंक्शन बघायची. "वैशे, छान झालंय." पुढच्या ऐतवारी मी बारामतीहून इंदापूरची गाडी धरायची, तिथून नरसिंहपूरची, पूनमच्या आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी खायची, "मावशी, छान झालीत," आणि मग पूनमचं फंक्शन. "पूनम, छान झालंय." आता फंक्शन चालतंय का हे बघायचं तर त्याला काहीतरी द्यावं लागतं. आम्ही द्यायचो. पण काय द्यायचो, तर चांगले, भरलेले, नीट ओळीनं मांडलेले आकडे. लेकराला भरवावं तसं त्याला सोसेल तेवढंच भरवायचो, आणि त्यानं गुपचूप खाल्लं की दोघींना भरून यायचं. दिवाळीपर्यंत आमच्या डब्यातल्या सगळ्या वाट्या भरल्या आणि एकीनंही दुसरीची एकसुद्धा चूक काढली नव्हती. एवढ्या लाडात वाढलेली लायब्ररी उभ्या तालुक्यात दुसरी नसेल.

दिवाळीनंतर मॅडमनी पहिल्यांदा आमचा डबा उघडला. एक-दोन फंक्शनं चालवून बघितली, मान डोलावली आणि सहज विचारलं, "रिकामा अ‍ॅरे देऊन बघितलात?" अ‍ॅरे म्हणजे यादी, रिकामा अ‍ॅरे म्हणजे जिच्यात काहीच नाही अशी यादी. आम्ही एकमेकींकडं बघितलं. पूनम अगदी मनापासून म्हणाली, "रिकामा कशाला कुणाला द्यायचा, मॅडम?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "परीक्षक बाहेरून येतात. ते पहिल्यांदा रिकामंच देतात, मग उलटंसुलटं देतात, मग जे शहाणा माणूस कधी देणार नाही ते देतात. त्याआधी तुम्ही एकमेकींना देऊन बघा. कुठलं फंक्शन कुणी काय देऊन मोडलं, हे मला जोडीदारणीच्या नावानिशी पाहिजे. नाताळच्या सुट्टीपर्यंत ते झालं नाही, तर हा विषय सोडायचा आणि बिलिंगचा घ्यायचा."

त्या आठवड्याचा ऐतवार पूनमच्या घरचा होता. नेमकी आदल्या दिवशी त्यांची सगळ्यात लाडकी गाय व्याली होती. कालवड झालेली, म्हणजे घरात सणच. मावशींनी खरवस केलेला, वेलदोड्याचा वास पार अंगणापर्यंत. दादा खुशीत होते. "ये पोरी, चांगल्या दिशी आलीस," म्हणाले. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी हौसेनं सांगितलं, "आमच्या पोरीनं काय केलंय ते दाव की जरा." पूनमनं ताट सरकवून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिचं सरासरी काढणारं फंक्शन उघडलं. दादा एकेका गायीचं नाव घेऊन तिचं दूध सांगत गेले, ती आकडे टाकत गेली, आणि बटण दाबल्याबरोबर गायीमागं किती दूध पडतं ते समोर आलं. दादांनी मावशींकडं असं बघितलं, जणू ते दूध पूनमनंच पिळलं होतं. "बघ, डेरीवाल्याला बी एवढ्या झटक्यात जमत न्हाय," ते म्हणाले.

मी तेव्हा खरवसाची दुसरी वाटी मागितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं. पण माझ्या डोक्यात मॅडम बसलेल्या. मी म्हटलं, "दादा, समजा एकही गाय दूध देत नसली तर?"

मावशींनी विचारलं, "म्हंजी?"

"म्हणजे सगळ्या आटल्या. गोठ्यात दुभतं जनावरच नाही. यादी रिकामी. पूनम, तशी देऊन बघ ना."

पूनमनं माझ्याकडं बघितलं नाही. मग मीच डावा हात लांबवून सगळे आकडे पुसले आणि बटण दाबलं. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं आली. शून्याला शून्यानं भागायला लावलं की ही भाषा जे सांगते तेच सांगत होती: हा आकडाच नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, वर मावशींना अर्थही समजावला. अभ्यासू मुलगी म्हणून माझी जी ख्याती होती ती असल्याच कामांमुळं.

मावशींनी माझ्या पानात आणखी खरवस वाढला. एवढं होऊनही वाढला. मग म्हणाल्या, "पोरी, भरल्या ताटावर आसं बोलू न्हाय. एक तरी आसतीच की दुभती." दादा हात धुऊन गोठ्याकडं निघून गेले. पूनमनं लॅपटॉप मिटला, आणि त्या दिवशी तो पुन्हा उघडला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यालेली गाय बसली ती उठेना. कान गार पडले, मान टाकली. भरपूर दुधाच्या गायींना व्यायल्यावर असं होतं, अंगातलं कॅल्शियम दुधात उतरून जातं, हे आप्पांनी मला नंतर सांगितलं. जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं सलाईन लावलं, आणि दुपारपर्यंत गाय उठून वैरण खायला लागली. गाय उठली, पण माझं नाव त्या घरात जे खाली बसलं ते बसलंच. मावशींनी गायीची दृष्ट काढली, तिच्या गळ्यात बिब्बा बांधला आणि पूनमला सांगितलं म्हणे, "पोरगी गुणाची हाय, पर तिला गोठ्याकडं आणू नगं."

पूनम माझ्याशी भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं. कॉलेजात भेटली की "बरी हायस न्हवं?" विचारायची, आईची चौकशी करायची, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसायची. मी "गाय कशी आहे?" म्हटलं की "छान हाय" म्हणायची. ते 'छान' अळणी आमटीला म्हणायचं तसलंच असायचं. एक ऐतवार तसाच गेला, मग दुसरा गेला, तिचा फोन नाही. वर्गात कुणीतरी सांगितलं की पूनम बिलिंगवाल्या एका जोडीत तिसरी म्हणून जायचं बघतेय. प्रोजेक्ट गेला असता तर मी दोन दिवस रडले असते आणि विसरले असते. पण दुपारच्या सुट्टीत भाकरी-ठेचा कुणाबरोबर खायचा, हा खरा प्रश्न होता. आम्ही दोघी एकाच डब्यात हात घालून जेवायचो, माझ्या भाकरीचा पापुद्रा तिला आवडायचा आणि तिच्या भाकरीचा मला. तितकी जवळची मैत्रीण मला त्याआधी मिळाली नव्हती, आणि ती आता हातची जाणार या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

आमचा एक स्टीलचा डबा खरवसाच्या त्या ऐतवारी पूनमच्या घरी राहिला होता. तो तिच्या खोलीतल्या मुलीच्या हाती माझ्याकडं आला. घरी आल्यावर मी तो आईपुढं ठेवला. आत डाळिंबाचे सोललेले दाणे, काठोकाठ.

"बघ," मी म्हटलं, "द्यायला स्वतः आलीसुद्धा नाही."

आईनं मूठभर दाणे तोंडात टाकले. "भरून दिलाय न्हवं?"

"ती रीतच आहे. सगळेच भरून देतात."

"रीत म्हून दिला आसता तर आख्खी डाळिंबं टाकली आसती," आई म्हणाली. "दाणे सोलाया येळ लागतो. मन उठलेली पोरगी कशाला सोलत बसंल?" मला ते पटलं नाही, पण दाणे मी सगळे खाल्ले.

मग एका ऐतवारी, नाताळची सुट्टी तोंडावर आली असताना, पूनम कुणाला काही न कळवता फाट्यावर उतरून आमच्या घरी आली. पाठीवर लॅपटॉपची पिशवी. आई सकाळपासून कांद्याच्या लागणीत होती, म्हणून स्वयंपाक मी केलेला. वांग्याच्या रश्शात मी मीठ टाकलं, टाकल्याची आठवण राहिली नाही, म्हणून पुन्हा टाकलं. आई, आप्पा, पूनम आणि मी जेवायला बसलो. आप्पांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. एरवी अशा वेळी ते सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलले असते, पण पाहुणी समोर बसलेली. ते पाणी प्यायले आणि भाकरीशी नुसता कांदा खाऊ लागले. आईनं घास घेतला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. उरली पूनम. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला. आता ती छान म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि तिनं तसं म्हटलं तर आपल्यातलं सगळं मिटलं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"काकू," पूनम म्हणाली, "रस्सा खारट झालाय. खाववत न्हाय."

आमच्या ओसरीवर बाहेरच्या माणसानं असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आप्पांचा कांदा हातातच राहिला. पूनमचे कान लाल झाले होते, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

"मंग ऊठ की," आई म्हणाली. "आत कणीक मळून झाकून ठिवलीय. गोळा कर, रश्शात टाक, मीठ ओढून घिईल, आन् चांगली उकळी काढ. मला काय सांगत बसलीयास?"

पाहुणीला आमच्याकडं जेवता जेवता कुणी उठवत नसे, आणि स्वयंपाकघरात तर पाठवतच नसे. पूनम उठली, पातेलं घेऊन आत गेली. मग आप्पांचा इतका वेळ धरलेला दम सुटला. "खारट म्हंजी, जीभ सोलून निघाली," असं म्हणून त्यांनी माझा जो उद्धार सुरू केला तो कणकेचा गोळा शिजेपर्यंत चालला होता. आतून पूनमच्या हसण्याचा आवाज आला. मी शिव्या खात बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. आमच्या घरात जेवणाला नाव ठेवायचा हक्क फक्त घरच्यांना होता, आणि ही पोरगी तो घ्यायला एवढ्या लांबून एसटी बदलत आली होती.

जेवण झाल्यावर आम्ही कोठीला पाठ लावून बसलो. "आता तुझं काढ," पूनम म्हणाली. मी दिमाखात माझं तुकडे पाडणारं फंक्शन काढलं. कितीही लांब यादी द्या, म्हणाल तेवढ्या-तेवढ्यांचे तुकडे हे पाडणार. माझं सगळ्यात लाडकं. पूनमनं त्याला यादी दिली आणि सांगितलं, शून्य-शून्याचे तुकडे पाड. फंक्शन बिचारं कामाला लागलं. शून्याचा एक तुकडा पाडायचा, उरलं किती ते बघायचं, तर सगळंच उरलेलं, म्हणून पुन्हा शून्याचा पाडायचा. पडदा थिजला, आतला पंखा कडबाकुट्टीसारखा घरघरायला लागला, आणि शेवटी बटण दाबून लॅपटॉपच बंद करावा लागला.

"असं कोण देतं?" मी फणकारले. "शून्याचे तुकडे कुणी मागतं का कधी?"

पूनम इतकी हसली की तिला ठसका लागला. "आमची आई बी आसंच म्हणाली हुती," ती म्हणाली.

मी रुसले. तिच्या घरी, तिच्या आईवडिलांसमोर, ताटावर बसून तिचं फंक्शन मोडणारी मी, माझ्याच घरी कोठीच्या आडोशाला एका शून्यानं घायाळ झाले. आई चहा घेऊन आली, माझं तोंड बघितलं आणि पूनमला विचारलं, "हिला काय झालं?"

"काकू, मी हिच्या कामाला नाव ठिवलं."

"बरं केलंस. लई शानी झाली हुती," आई म्हणाली आणि कपात साखर कमी पडली असेल तर आपापली घ्या म्हणून सांगून गेली.

चहा पिताना पूनमनं जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी गेल्यापासून मावशी दृष्टीचा विषय काढायच्या तेव्हा दादा नुसतं 'ऱ्हाऊ दे' म्हणायचे. मग एकदा धार काढता काढता त्यांनी पूनमला विचारलं, "त्या पोरीनं इचारलं हुतं, त्याचं काय केलंस?" काही नाही, ती म्हणाली. दादा म्हणाले, "आपल्या घरी तसा दिस येऊन गेलाय. तू रांगत हुतीस. चारा न्हवता, पानी न्हवतं. गोठ्यात एक बी जनावर ऱ्हायलं न्हाय. तवापास्नं तुझी आई कुणाला रिकामं म्हणू देत न्हाय." पूनमला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं, मग तशा दिवशी पडद्यावर काय दाखवू, शून्य दाखवू का? दादांनी धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली. "शून्य नगं," ते म्हणाले. "शून्य म्हंजी गाय हुबी हाय आन् दूध देत न्हाय. जी गायच न्हाय तिच्यावर आळ कशाला घ्यायचा? 'आज न्हाय' म्हणून लिव्ह."

पूनमनं लॅपटॉप पुन्हा चालू केला, सरासरीचं फंक्शन उघडलं, सगळे आकडे पुसले आणि बटण दाबलं. पडद्यावर मराठीत उमटलं, 'आज न्हाय'. आता छान म्हणायची सोय राहिली नव्हती. मी रुसवा सोडला आणि आकड्याच्या जागी एका गायीचं नाव टाकून बटण दाबलं. फंक्शन पुन्हा कोलमडलं.

"हे बघ, हितं फुटतंय," मी म्हटलं.

"फुटू दे. लिहून घे, माझ्या नावापुढं तुझं नाव टाक," पूनम म्हणाली. "आन् आता तुझं गटाचं काढ."

दिवस कलेपर्यंत आम्ही एकमेकींच्या वाट्या उपड्या करत बसलो होतो. परीक्षकांनी पुढं काय काय दिलं आणि त्यातूनही आमचा डबा कुठं कुठं गळला, ते सांगण्यासारखं नाही. पास झालो एवढं पुरे. 'मिसळण' जगात कुणीही वापरलं नाही, मॅडमचा शब्द खरा ठरला. आता नोकरीत माझ्या हाताखाली नवी मुलं येतात, एकमेकांचं काम तपासतात आणि सगळं छान आहे म्हणून सांगतात. मी त्यांना घरी जेवायला बोलावते. त्यांना वाटतं मी फार मायाळू आहे.

त्या ऐतवारी मग शेवटच्या गाडीची वेळ झाली. आमच्या घरून कुणी पाहुणी हळदीकुंकू लावल्याशिवाय आणि हातावर काही ठेवल्याशिवाय कधी गेलेली नव्हती, म्हणून मी करंडा आणायला उठले. तेवढ्यात आई गोठ्यातून हात पुसत आली. "म्होरल्या ऐतवारी सकाळच्या गाडीनं ये," ती पूनमला म्हणाली. "तुरीच्या शेंगा सोलायच्यात. ही एकटी सोलत बसली तर सक्रांत उलटून जाईल. आन् आता जातीयास तर ती कॅन धर एका बाजूनं, डेरीची गाडी येईल." कुंकवाचं नाव नाही, पुन्हा ये बाई म्हणून आग्रह नाही. पूनम "व्हय" म्हणाली. कॅनची एक कडी तिनं धरली, दुसरी आप्पांनी, आणि खारट रश्शावरून माझी टिंगल करत दोघं रस्त्याकडं निघून गेली. मी गोठ्यामागं जाऊन मनसोक्त रडले, आणि मग डोळे पुसून त्या शून्याचं निस्तरायला बसले.